पहाटे साडेपाचची मध्यरात्र

माझा भाऊ पिऊन तलावावर येतो, ही बातमी अकोल्यात सात आठवडे फिरत होती. मला, त्याच्या सख्ख्या बहिणीला, ती एका बुधवारी दुपारी पुण्यात फोनवर कळली.

"तक्षू, तू येऊन जाय," करुणावहिनी म्हणाली. तिचा आवाज रडून बसलेला होता. "आज एक पोरगी गेली असती. हे खुर्चीवर झोपले होते."

"झोपला होता? दादा? तलावावर?"

"सकाळी पावणेसहाले. आठ वर्षांची पोरगी गटांगळ्या खाऊन राहिली होती, अन् हे मान टाकून बसले होते. वॉचमननं उडी मारली म्हणून वाचली बाप्पा. तलावाचे कमिटीवाले म्हणतात, नागसेन सर पिऊन येतात. शनिवारी मीटिंग आहे. काढून टाकतील त्याईले."

मी फोन ठेवला, बॅग भरली, त्यात चार्जर टाकायचा विसरले, परत उघडली, पुन्हा भरली. स्टेशनवर दोन तास आधी पोचले आणि ते दोन तास फलाटावर चालत काढले. मला एका जागी बसता येत नाही, हा माझा जुना रोग. आमची आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे.

नागसेन वानखडे, वय एक्कावन्न. सव्वीस वर्षं महानगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवतो. अर्ध्या गावाला त्यानं पाण्यात ढकललंय, मलाही. दारूबद्दल म्हणाल, तर आमच्या घरात कुठलाही कार्यक्रम असला की पंचशील घेतात, आणि पाचवं शील, मद्याचं, दादा इतरांपेक्षा जरा वरच्या पट्टीत म्हणतो. त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर चिडवत आलेय. अशा माणसावर हा आळ.

पण तो आजारी होता हेही खरं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य तयार करतात. माणूस सकाळी उठतो तो गजरामुळे नव्हे, या द्रव्यामुळे. पहाटे तीनच्या सुमारास ते रक्तात वाढायला लागतं, पाच ते सातच्या दरम्यान शिगेला पोचतं, मग दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्री जवळपास संपतं. दादाच्या या ग्रंथी आठ वर्षांपूर्वी क्षयरोगानं खाल्ल्या. तेव्हापासून तो गोळ्यांवर होता. गोळी एकदम चढते, एकदम उतरते. मग दोन वर्षांपूर्वी पंप आला: काडेपेटीएवढी डबी, कमरेला चिकटवायची. ती चोवीस तासांच्या आराखड्याप्रमाणे, तासागणिक मोजून, थेंबाच्या कणाकणानं औषध सोडते. निरोगी शरीर करतं तसंच.

हा पंप त्यानं घ्यावा म्हणून मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. त्याला भीती वाटत होती. मी म्हटलं, "दादा, या डबीच्या आत राई चालते. माझी राई. तुझ्या कमरेला तुझी बहीण बांधलीय असं समज."

राई म्हणजे राई लिनक्स. एवढ्या-तेवढ्या यंत्रांत बसणारी, आकारानं अगदी लहान अशी संगणकप्रणाली. जगभरचे चाळीसेक लोक फुकट राबून ती सांभाळतात. तिचा पाया, म्हणजे प्रत्येक यंत्रात जाणारा मूळ भाग, अकरा वर्षं माझ्याकडे आहे. पुण्यातली माझी नोकरी, बाजारातलं माझं नाव, सगळं त्या कामावर उभं आहे.

*

गुरुवारी पहाटे पाचला मी घरात शिरले. दादा पलंगाच्या कडेला बसला होता. एक बूट पायात, एक हातात. समितीनं त्याला शनिवारपर्यंत शिकवायला मनाई केली होती, तरी तो सवयीनं उठला होता. उठला म्हणजे काय, बसला होता. हातातला बूट त्याला पायापर्यंत नेता येत नव्हता.

"तू काऊन आली वं?" तो म्हणाला. जीभ जड होती.

"तुला बघायला."

"पाह्य मंग. पाहून घे."

मी बूट घालायला वाकले, त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आला, आणि माझ्याकडून ते झालं. मी श्वास आत घेतला. मुद्दाम, नाकानं, हळूच. वास आला नाही. घामाचा आला, रात्रीच्या झोपेचा आला. पण दादानं पाहिलं होतं.

"तू बी?" तो म्हणाला.

मी बुटाची नाडी बांधत बसले, ती दोनदा सुटली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. दादा आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला, बुटासकट.

डॉक्टरांनी महिनाभरात दोनदा औषध वाढवलं होतं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, पंप व्यवस्थित आहे, हा मनाचा थकवा दिसतो, नैराश्य असू शकेल. मी फोनवरचं पंपाचं ॲप उघडलं. आराखडा आरशासारखा स्वच्छ. तीन वाजता चढ सुरू, पाच ते सात शिखर, मग उतार, मध्यरात्री तळ. सात आठवड्यांत एकही खाडा नाही. यंत्र आपलं काम चोख करत होतं, म्हणजे माणसातच खोट असणार. सगळ्यांनी असंच मानलं होतं, मीही.

मी घरात येरझारा घालत राहिले. वहिनीनं तीनदा चहा दिला, तीनदा गार झाला.

साडेदहा-अकराच्या सुमाराला मागच्या अंगणात ठोकठोक ऐकू आली. जाऊन बघते तर दादा. अंघोळ केलेला, दाढी केलेला. तलावातल्या रांगा वेगळ्या करणारे दोर घरी आणून ठेवले होते, त्यांचे तुटलेले तरंगते मणी बदलत होता. हात झरझर चालत होते. त्यानं मला पाहिलं आणि मान वळवली. मी त्याच्याकडे पाहतच राहिले. सकाळी ज्याला बूट उचलत नव्हता, तो माणूस हा?

"रोजचं आहे," वहिनी मागून म्हणाली. "अकराले गडी ताजातवाना. दुपारी दोनले नाश्ता मागतात. रात्री एक-एक वाजेपर्यंत डोळा लागत नाही. माह्या बहिणीचा पोरगा नाही का लंडनले, प्रणय? त्याचा फोन येते तवा तो जेवून राहिला असते, अन् इकडं हेही त्याच टायमाले जेवून राहिले असतात. मी म्हणलं, तुम्ही काय लंडनले राहायले गेले का?"

माझे पाय जागच्या जागी थांबले.

लंडन नव्हे. मे महिन्यात लंडनचं घड्याळ एक तास पुढे ढकललेलं असतं. पण लंडनच्या आसपासचं काहीतरी. एक असं घड्याळ, जे कधी पुढे-मागे होत नाही, ज्यावर जगातले सगळे संगणक आतल्या आत चालतात.

"दादा, पंप दे," मी ओरडले. "काढू नको, नुसता इकडे वळ."

पंपाच्या कंपनीनं सुरुवातीच्या चाचण्यांसाठी मला एक तपासणीची तार दिली होती, ती माझ्या बॅगेत नेहमी असते. पंपाला लावली, लॅपटॉप अंगणातल्या दगडी पाट्यावर ठेवला आणि पंपाला साधा प्रश्न विचारला: किती वाजले? भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पंप म्हणाला, सहा वाजून चाळीस मिनिटं. आणि पुढे, जिथे वेळेच्या विभागाचं नाव यायला हवं, तिथे त्यानं लिहिलं होतं: एशिया.

*

हे समजावून सांगायला हवं, कारण यात माझी चूक कुठे आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

संगणकाला आपले दहा-अकरा वाजलेले कळत नाहीत. तो फक्त सेकंद मोजतो, सगळ्या जगाचे एकच. त्या सेकंदांवरून अकोल्यात किती वाजले हे काढायला त्याला एक तक्ता लागतो. कुठल्या गावाचं घड्याळ जागतिक वेळेपेक्षा किती पुढे, कुठल्या देशानं कधी ते सरकवलं, महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानानं ते तासभर पुढे कसं नेलं होतं, मुंबईनं आपली वेगळी वेळ किती वर्षं चालवली, सगळं त्या तक्त्यात आहे. आपली नोंद त्यात 'एशिया/कोलकाता' अशी; तक्ताच नसला तर यंत्र त्या नावाचा पहिला तुकडा तेवढा छापतं आणि जागतिक वेळ सांगतं. हा तक्ता डिस्कवर दोन-अडीच मेगाबाइट जागा खातो. मोठ्या यंत्राला ती नगण्य, पण काडेपेटीएवढ्या यंत्राला फार.

राईच्या नवव्या आवृत्तीत मी तो तक्ता ऐच्छिक केला. आधी तो सक्तीचा होता, पाया घेतलात की तक्ता आलाच. आता तो ताटातल्या लिंबाच्या फोडीसारखा झाला, हवा त्यानं मागून घ्यावा. या बदलाची आवृत्तीच्या टिपणात एक ओळ होती. मीच लिहिलेली, सत्तेचाळिसावी.

एका माणसानं विरोध केला होता. कासाब्लांकाचा इद्रिस. त्यानं लिहिलं, "आमच्या देशात रमजान लागला की घड्याळ तासभर मागे जातं. तक्ता नसेल तर यंत्र बोंब मारत नाही, गुपचूप जागतिक वेळ धरून बसतं. गुपचूप चुकणारं यंत्र मला नको." त्यावर मी लिहिलं, "इद्रिस राईचा पर्वत करतोय. आमच्या देशात दीडशे कोटी माणसं एकाच काट्यावर चालतात आणि तो काटा कधी हलत नाही." लोक हसले. बदल मंजूर झाला. माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं होतं की घड्याळाची भानगड ही दुसऱ्यांची, आपलं एकच आणि कायमचं. पण ते कायमचं साडेपाच तासांचं अंतरसुद्धा त्या तक्त्यातच लिहिलेलं होतं, हे मी, अकरा वर्षं पाया सांभाळणारी बाई, विसरले.

आणि चाचण्या? चार हजार चाचण्या झाल्या, सगळ्या हिरव्या. कारण आमची चाचण्या करणारी यंत्रं जागतिक वेळेवरच चालतात. तशी आमच्या धंद्याची रीतच आहे, म्हणजे कुठल्या देशाचा गोंधळ नको. तक्ता असला काय, नसला काय, त्यांच्या उत्तरात एका सेकंदाचा फरक पडत नव्हता.

पंपाच्या कंपनीनं जागा वाचवायला फक्त सक्तीचे भाग घेतले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या पंपांत नवी आवृत्ती गेली. फोनवरचं ॲप पंपानं सांगितलेलेच तास दाखवतं, म्हणून तिथे सगळं बिनचूक दिसलं. इकडे पंपाच्या पाचचा शिखराचा डोस अकोल्यात साडेदहाला सुटत होता. दादा पहाटे साडेपाचला तलावाच्या काठावर खुर्ची टाकत होता, तेव्हा पंपाच्या लेखी ठोक मध्यरात्र होती.

*

मी काय करायला हवं होतं आणि काय केलं, ते सांगते.

मी दहा मिनिटांत दुरुस्ती लिहिली. तक्ता पुन्हा सक्तीचा. सोबतच्या ओळीत लिहिलं, 'किरकोळ सुधारणा'. आणि पाठवून दिली. कंपनीचं यंत्र रोज दुपारी चारला आमच्या किरकोळ दुरुस्त्या उचलतं आणि रातोरात पंपांत भरतं. म्हणजे उद्या सकाळी दादा बरा, सगळे बरे, आणि कुणाला पत्ता नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी गार झालेला चहा उभ्यानं पिऊन टाकला.

दादा पाट्याशेजारी उकिडवा बसून माझ्याकडे पाहत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं. घड्याळ चुकलं होतं पंपाचं. उद्या सकाळी दुरुस्त होईल."

"सकाळी म्हणजे कवा?"

"रात्री दोनला पंप स्वतःच..." आणि मी थांबले.

रात्री दोनला, पण पंपाच्या दोनला. म्हणजे आपल्या साडेसातला. त्या क्षणी पंपाचं घड्याळ दोनवरून उडी मारून साडेसातवर जाणार. तीन ते सातचा सगळा चढ, सगळं शिखर वगळून. आधीच चार तास कोरडं पडलेलं शरीर, त्याला त्या दिवसाचा मुख्य डोस मिळणारच नाही. वर अकोल्याचा मे महिना. या आजारात अशानं रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध पडतो, आणि कधी कधी पुन्हा उठत नाही.

दीड वाजला होता. चारला अडीच तास.

मी कंपनीत फोन लावला. श्रीपाद उकिडवे नावाचा इंजिनिअर माझ्या ओळखीचा. त्यानं सगळं ऐकलं, मध्ये दोनदा "अरे देवा" म्हणाला, मग फोन थोडा वेळ बाजूला ठेवून कुणाशी तरी बोलून आला.

"मॅडम, एक करा," तो म्हणाला, आता आवाज वेगळाच होता. "तुमची दुरुस्ती चारच्या आत मागे घ्या. गाजावाजा नको. आमची पुढची आवृत्ती ऑगस्टमध्ये आहे, तेव्हा आम्ही हे व्यवस्थित बसवू. तोवर डॉक्टर लोक डोस सांभाळून घेतीलच."

"ऑगस्ट? श्रीपाद, माणसं आहेत ती!"

"तुमच्या भावाचा पंप आम्ही उद्याच बदलून देतो. आणि त्यांच्या कमिटीसाठी पत्र देतो, या एका उपकरणात बिघाड होता म्हणून. तुमचं नाव कुठेच येणार नाही. नाहीतर विचार करा, चौकशी लागेल, सरकारी. पहिला प्रश्न तुम्हालाच विचारतील."

मी दुरुस्ती मागे घेतली. तेवढं तर करावंच लागणार होतं. मग अंगणात येऊन दादाला आणि वहिनीला सगळं सांगितलं. हो, सगळं: लिंबाच्या फोडीसकट, इद्रिससकट, 'किरकोळ सुधारणा'सकट. दादानं हातातला मणी खाली ठेवला.

"म्हणजे हे तू केलं?"

"हो."

"सात आठवडे गाव मले बेवडा म्हणून राहिलं. त्या पोरीची माय माह्या तोंडावर थुकायची बाकी होती. अन् सकाळी येऊन तू माह्या तोंडाचा वास घेतला."

"हो, दादा."

तो उठला, अंगणाच्या टोकापर्यंत गेला, परत आला. माझ्यासारखाच. हा रोग आमच्या घराण्यात आहे म्हणायचा.

"पत्र घे," तो म्हणाला. "मले पत्र पायजे. शनिवारी त्याईच्या टेबलावर आपटतो. मले बाकी काही नाही पायजे."

मला हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. दादाला पत्र हवं होतं, कंपनीला शांतता हवी होती, मला माझं नाव हवं होतं. सगळ्यांचं जमत होतं.

वहिनी इतका वेळ दाराला टेकून उभी होती. "तक्षू, असे पंप किती जणाईले आहेत?" तिनं विचारलं.

"नऊशेच्या वर."

"मंग तितक्या घरी माह्यासारखी कोणी असंन." ती दादाकडे न बघता बोलत होती. "मी महिनाभर याईच्या पाण्याच्या बाटलीचा वास घेऊन राहिली. रोज. हे अंघोळीले गेले का. सोळा वर्षं संसार केला मी याईच्यासंगं."

दादा तिच्याकडे पाहत राहिला. मला वाटलं तो चिडेल. तो पाट्याशेजारी बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. वहिनी रडत होती, पण जागची हलली नाही.

"ऑगस्टपर्यंत?" मान वर करून तो म्हणाला. "त्यातला कोणी गाडी चालवत असंन. कोणी खांबावर चढत असंन. सकाळीच चढतात वायरमन." त्यानं लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "लिही."

"दादा, तुझं पत्र जाईल. कदाचित माझी नोकरीही."

"मले समजते. लिही म्हणलं ना."

तीन वाजले होते. मी राई सांभाळणाऱ्यांच्या टपाल-यादीवर, रुग्णांच्या संघटनेला, कंपनीला आणि औषध नियंत्रकांना एकच पत्र लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत. पंपाचं घड्याळ एप्रिलपासून साडेपाच तास मागे आहे. सकाळी जाणवतो तो थकवा आळस नाही, नैराश्य नाही, व्यसन नाही. पहाटे साडेपाचच्या सुमाराला औषध सगळ्यात कमी असतं. पंप काढू नका, आपल्या डॉक्टरांना आजच फोन करून पहाटेच्या गोळीबद्दल विचारा. घड्याळ एकदम दुरुस्त करणं धोक्याचं आहे. रोज अर्धा तास असं अकरा दिवसांत ते जागेवर आणता येईल, आणि त्यासाठीचा प्रोग्राम सोबत जोडला आहे. तक्ता ऐच्छिक करण्याचा निर्णय माझा होता. विरोध मी हसण्यावारी नेला. चूक माझी आहे. खाली पूर्ण नाव आणि गाव लिहिलं.

साडेतीनला पाठवलं. उकिडव्याचा फोन तीन वेळा वाजला, मी उचलला नाही. पण नियंत्रकांच्या कार्यालयातून कंपनीला विचारणा गेली, आणि शुक्रवारी संध्याकाळी कंपनीनं निमूटपणे अर्ध्या-अर्ध्या तासाचा तो प्रोग्राम पंपांत भरायला सुरुवात केली. पुण्याहून माझ्या साहेबांचा निरोप आला: सोमवारी भेटा, लॅपटॉप सोबत आणा. त्याचा अर्थ मला कळला.

इद्रिसनंही लिहिलं. मला वाटलं टोमणा असेल. त्यानं फक्त विचारलं होतं, "तुझा भाऊ आता कसा आहे?"

*

शनिवारी समितीपुढे मी माझं पत्र वाचून दाखवलं. अध्यक्षांना त्यातलं निम्मं कळलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे मशीन खराब होती?" मी म्हटलं, "मशीन सांगितलं तसं चालली. सांगणारी मी." कोपऱ्यात त्या मुलीची आई बसली होती. ती दादाला म्हणाली, "सर, सॉरी."

दादा उभा राहिला. "कारण काही असो, खुर्चीवर झोपलो होतो मी. पोरगी पाण्यात होती," तो म्हणाला. "अकरा दिवस मी काठावर येत नाही. त्याच्यानंतर बी सकाळच्या बॅचले दुसरा माणूस पायजे माह्यासंगं. तो देत असान तर येतो." समितीनं मान्य केलं.

बाहेर पडल्यावर तो माझ्या बाजूनं चालला. ऊन मी म्हणत होतं. मी फोन उघडला. दोन दिवसांत चारशेच्या वर निरोप आले होते. नारायणगावच्या एकानं लिहिलं होतं, की त्याच्या शेडमधले दिवे राईवर चालतात, ते साडेपाच तास उशिरा लागत होते, आणि कोंबड्यांनी अंडी कमी केली तेव्हा त्यानं खाद्यवाल्याशी भांडण करून घेतलं. मी तो दादाला वाचून दाखवला. तो हसला, खरोखर हसला. मी पुढचा उघडला.

'मी व्यंकट बिराजदार, निलंगा. माझ्या आईला हा पंप होता. वय अठ्ठावन्न. १२ मे रोजी पहाटे ती पाणी भरायला उठली आणि हौदापाशी पडली. पावणेसहाला गेली. डॉक्टर म्हणाले, या आजारात होतं असं. मी महिनाभर तिला म्हणत होतो, आई, तू आळशी झालीस, सुनेच्या जिवावर झोपतेस. तुमच्या पत्रात पहाटे साडेपाच लिहिलंय. तुमचा नंबर द्या.'

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एक रिक्षावाला शिव्या देत बाजूनं गेला. दादानं माझा दंड धरून मला कडेला ओढलं, फोन घेतला, वाचला, परत पहिल्या शब्दापासून वाचला.

"दादा, मी काय सांगू याला?" मी म्हटलं. "काय सांगायचं असतं?"

"मले नाही माहीत."

"मी माणूस मारला, दादा."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. "नंबर दे त्याले," तो म्हणाला. "मी आहे इथं."

मी नंबर पाठवला. एका बंद दुकानाच्या पायरीला सावली होती, दादा तिथे बसला. मला बसवेना. मी पायरीसमोर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत राहिले. पाच मिनिटं झाली, सात झाली. मग फोन वाजला.

"तुम्हीच का त्या? वानखडे?" पलीकडून आवाज आला. तरुण होता, मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच तरुण.

"हो. मीच."

शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला यातलं काही कळत नाही, मॅडम," तो म्हणाला. "माझं शिक्षण कमी. पण मला सगळं समजून घ्यायचंय. घाई करू नका. काय झालं ते पहिल्यापासून सांगा."

मी दादाशेजारी पायरीवर बसले, आणि सांगायला लागले.